रविवार सकाळची टीव्ही पुरवणी : सीबीएसचं 'संडे मॉर्निंग' आणि आपल्या वाहिन्या

ओवी_जर्सी | रविवार, सकाळी ११:१०

टीव्हीवरच्या बातम्यांबद्दल इथे धागा निघाला की तो तक्रारीचा असतो, आणि त्या तक्रारी खऱ्याच असतात. आज मात्र मला एका कार्यक्रमाबद्दल मनापासून चांगलं लिहायचंय. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर दर रविवारी सकाळी नऊला (पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार) 'संडे मॉर्निंग' लागतो. २८ जानेवारी १९७९ ला तो पहिल्यांदा लागला. इतक्या वर्षांत त्याचे मुख्य निवेदक झाले तीन. आणि आजचा भाग बघताना त्याचा मूळ आराखडा लगेच ओळखू येतो.

आपल्यापैकी ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. कार्यक्रम दीड तासाचा. आधी ट्रम्पेटची छोटी ललकारी आणि पडद्यावर सूर्याचं चित्र. मग निवेदक आजच्या अंकात काय काय आहे ते वाचून दाखवतो, अगदी अनुक्रमणिका वाचावी तसं. ठळक बातम्या आणि हवामान थोडक्यात आटपतात. त्यानंतर येते मुखपृष्ठकथा: आठ-दहा मिनिटांची, एकाच विषयावर, प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेली. मग चित्रकार, वादक, एखादा वास्तुविशारद, गावातला कुणी कारागीर, इतिहासातली एखादी तारीख, त्या आठवड्यात गेलेल्या माणसांची दखल. मधल्या जागांत सूर्य येत राहतात, रंगवलेले, विणलेले, लोखंडाचे, काचेचे. त्यांतले कितीतरी प्रेक्षकांनी स्वतः करून पाठवलेले असतात. आणि शेवटी निसर्गाचं एखादं दृश्य. पाणथळीतले पक्षी, बर्फातली हरणं, वाळवंटातली फुलं. निवेदन नाही, संगीत नाही, तिथला जो आवाज असेल तेवढाच.

ही कल्पना निर्माते रॉबर्ट नॉर्थशील्ड यांची. सगळे त्यांना 'शॅड' म्हणत. त्यांच्यासमोर नमुना होता तो रविवारच्या वर्तमानपत्राचा, जाडजूड आणि पुरवण्यांसकट येणाऱ्या. रविवारी माणूस पेपर वेगळ्या चालीनं वाचतो, मग टीव्हीही तसा का बघू नये, हा साधा विचार. पहिले निवेदक चार्ल्स कुराल्ट. हा माणूस १९६७ पासून मोटारघर घेऊन देशभर हिंडत होता, मोठे महामार्ग टाळून आतल्या रस्त्यांनी, आणि जी माणसं बातमीत कधी येत नाहीत त्यांच्या गोष्टी सीबीएसच्या संध्याकाळच्या बातम्यांत आणत होता. त्याच्या आवाजात घाई नव्हती. १९९४ च्या एप्रिलमध्ये तो निवृत्त झाला आणि चार्ल्स ऑसगुड आले: गळ्यात बो टाय, बातमी सांगता सांगता मध्येच यमकं जुळवणारे, आणि निरोप घेताना 'रेडिओवर भेटू' म्हणणारे, कारण त्यांचा रेडिओचा कार्यक्रमही चालू होता. सप्टेंबर २०१६ पर्यंत ते होते. ऑक्टोबर २०१६ पासून जेन पॉली आहेत. १९७६ ते १९८९ त्या एनबीसी वाहिनीच्या 'टुडे' या सकाळच्या कार्यक्रमात होत्या, आणि ही जबाबदारी त्यांनी वयाच्या पासष्टाव्या वर्षी घेतली. टीव्हीच्या जगात हे किती दुर्मीळ आहे ते सांगायला नको.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९७९ मध्ये सीबीएसनं याच धाटणीची सोमवार ते शुक्रवारची सकाळची आवृत्तीही काढली होती. तिचे निवेदक आधी बॉब शिफर होते, पुढे १९८० ते १९८२ कुराल्टही होते. म्हणजे वाहिनी तीच, माणूसही तोच. ती टिकली नाही. टिकली ती रविवारची. कामावर निघायच्या घाईत माणसाला हवामान, रस्त्यावरची गर्दी आणि मथळे हवे असतात; रविवारी त्याच माणसाला दहा मिनिटं एका गोष्टीत रमायला आवडतं. म्हणून मला वाटतं की या कार्यक्रमाचं यश नुसत्या निवेदकाच्या गोडव्यात नाही. त्यांनी वेळ ओळखली, आणि त्या वेळेला साजेल असा आकार धरून ठेवला.

माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. रविवार पुरवणी ही मराठी वाचकाच्या घरातली जुनी गोष्ट. 'लोकरंग' असो, 'सप्तरंग' असो, 'संवाद' असो, आपण तिच्यावर वाढलो. लेखक, समीक्षक, चित्रकार, प्रवासी या सगळ्यांना तिथे जागा मिळाली. कागदावर जे आपल्याला इतकं छान जमलं ते पडद्यावर का आलं नाही? मराठी वृत्तवाहिन्या सुरू होऊन इतकी वर्षं झाली. रविवारी सकाळी त्यांच्यावर आपल्याला काय दिसतं?

---

तुतारी | रविवार, सकाळी ११:५२

ओवीताई, धागा आवडला. त्या ललकारीबद्दल मला लिहायलाच हवं, कारण मी त्या कार्यक्रमापर्यंत तिच्यामुळेच पोचलो.

तिचं नाव 'आब्ब्लाझेन'. ती लाइपझिग शहराच्या नोकरीतला वादक गॉटफ्रीड राइखे याची मानली जाते. संगीतकार बाखच्या लाइपझिगमधल्या रचनांत ट्रम्पेटचे जे अवघड तुकडे आहेत ते वाजवणारा हाच. शहराच्या वादकांचं एक काम म्हणजे उंच मनोऱ्यावर चढून ठरलेल्या वेळी वाजवणं, आणि ही त्याच प्रकारची धून. ती आपल्यापर्यंत पोचली एका चित्रामुळे: हाउसमान नावाच्या चित्रकारानं राइखेचं व्यक्तिचित्र काढलं, त्यात त्याच्या एका हातात गोल वेटोळ्याचं वाद्य आणि दुसऱ्या हातात स्वरलिपीचा कागद आहे. त्या कागदावर हे स्वर लिहिलेले आहेत. बाखचं जे चित्र आपण सगळीकडे बघतो तेही याच हाउसमानचं. राइखे १७३४ मध्ये गेला. आदल्या रात्री राजाच्या सन्मानार्थ बाखची रचना वाजवली होती, मशालींचा धूर खूप झाला होता, दुसऱ्या दिवशी तो घरी जाताना रस्त्यात कोसळला.

कार्यक्रमात सुरुवातीला डॉन स्मिदर्सनं जुन्या पद्धतीच्या बरोक ट्रम्पेटवर वाजवलेलं ध्वनिमुद्रण होतं. पुढे डॉक सेव्हरिन्सन आणि मग विंटन मार्सालिस. धून तीच, प्रत्येकाचा लागणारा स्वर वेगळा. स्मिदर्सचं ऐकलंत तर त्यात थोडा खरखरीत मोकळेपणा आहे. जुन्या वाद्याला खटके नसतात, सगळं ओठांनी आणि श्वासानं काढायचं असतं. मार्सालिसचं लखलखीत आहे. मला स्वतःला जुनं जास्त आवडतं.

बातम्यांच्या कार्यक्रमांचं सुरुवातीचं संगीत आठवा. बहुतेक ठिकाणी ढोल, सायरन, काहीतरी कोसळतंय असा आवाज. इथे अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीची मनोऱ्यावरची हाक निवडली. ज्यानं निवडली त्याला आपला प्रेक्षक कुठल्या मनःस्थितीत बसलाय ते नेमकं कळलं होतं.

---

गिरणगाव | रविवार, दुपारी १२:३०

मी वृत्तवाहिनीच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. ओवी, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आवडीनिवडीत कमी आणि हिशेबात जास्त आहे.

स्टुडिओत चर्चा करायला काय लागतं? एक अँकर आणि चार पाहुणे. पाहुणे हल्ली आपापल्या घरून फोनच्या कॅमेऱ्यावर बसतात. तासभराचा मजकूर तयार, खर्च जवळजवळ नाही. त्याउलट दहा मिनिटांची जागेवरची एक गोष्ट करायची तर रिपोर्टर, कॅमेरामन, गाडी, दोन-तीन दिवसांचा मुक्काम, मग एडिटवर आणखी दोन दिवस. जिल्ह्यातला स्ट्रिंगर, म्हणजे बातमीमागे पैसे मिळणारा बातमीदार, दिवसाला चार-पाच बातम्या पाठवतो तेव्हा कुठे त्याचं भागतं, त्याला एका गोष्टीमागे आठवडा घालव असं कुठल्या तोंडानं सांगायचं? त्याच्या फीतून पेट्रोलही सुटत नाही कधीकधी. आणि दर आठवड्याला बार्कचे, म्हणजे प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात. एखादा नवा कार्यक्रम रुजायला वर्ष-दोन वर्षं लागतात. तेवढा धीर जाहिरात विभागाकडे नसतो.

म्हणून रविवारची सकाळ बऱ्याच वाहिन्यांवर राशिभविष्य, पैसे घेऊन दाखवलेले आरोग्याचे कार्यक्रम आणि शनिवारच्या पुनःप्रक्षेपणांत जाते. जी वेळ विकता येते ती विकली जाते. त्यात काम करणाऱ्यांना वाईट वाटत नाही असं समजू नका. चांगले कॅमेरामन आमच्याकडे होते. सोलापूरकडचा एक होता, माळढोकच्या एका शॉटसाठी पहाटेपासून झुडपात बसायचा. बुलेटिनमध्ये तो शॉट लागायचा आठ सेकंद, तेही खालून दोन पट्ट्या सरकत असताना.

पुरवणीचं गणित वेगळं होतं, हेही लक्षात घ्या. तिथे लेखक बाहेरचे, मानधन बेताचं, छपाईचा कागद तेवढा खर्चाचा. पडद्यावर प्रत्येक मिनिटाला माणसं लागतात.

---

भटकभवानी | रविवार, दुपारी १:१५

माझं मत जरा वेगळं आहे, ओवी. मी वॉशिंग्टनजवळ राहते आणि 'संडे मॉर्निंग' अधूनमधून बघते. छान असतो, पण त्याला बातम्यांचा आदर्श म्हणणं मला पटत नाही.

एक तर त्यात नट-नट्यांच्या मुलाखती भरपूर, आणि त्या नेमक्या नवा चित्रपट किंवा पुस्तक येतं तेव्हाच. कित्येक वर्षं सायमन अँड शुस्टर ही प्रकाशनसंस्था सीबीएसच्याच मालकांकडे होती. २०२३ मध्ये ती केकेआर या गुंतवणूक कंपनीला विकली गेली. तिची पुस्तकं कार्यक्रमात यायची तेव्हा हे नातं सांगितलं जायचं, हे खरं, पण सांगितलं म्हणून जाहिरात ही जाहिरात राहत नाही असं थोडंच आहे! आणि मधल्या औषधांच्या जाहिराती मोजल्या तर प्रेक्षकवर्ग कोणत्या वयाचा आहे ते लगेच कळतं. तरुण माणूस तिथे नाही.

माझ्या मते अमेरिकेतली रविवारची खरी सकाळ 'मीट द प्रेस' आणि 'फेस द नेशन' यांची. 'मीट द प्रेस' टीव्हीवर ६ नोव्हेंबर १९४७ पासून आहे, 'फेस द नेशन' ७ नोव्हेंबर १९५४ पासून. 'फेस द नेशन'चा पहिला पाहुणा कोण होता? सेनेटर जोसेफ मॅकार्थी, त्याच्यावर सेनेटमध्ये ठपक्याचा ठराव चर्चेला यायच्या ऐन तोंडावर. १९५७ मध्ये याच कार्यक्रमानं क्रेमलिनमध्ये जाऊन सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हची मुलाखत घेतली, शीतयुद्ध ऐन भरात असताना. लोकशाहीत सत्तेवरच्या माणसाला दर आठवड्याला समोर बसवून विचारणं, हे काम कुठल्याही सूर्याच्या चित्रापेक्षा मोठं आहे.

टिम रसर्ट आठवतात? १९९१ ते २००८ 'मीट द प्रेस' त्यांच्याकडे होता. शिक्षणानं वकील. पद्धत अगदी सरळ: पाहुण्याचं जुनं विधान तारखेसकट पडद्यावर लावायचं, वाचून दाखवायचं, आणि शांतपणे विचारायचं की तेव्हा तुम्ही असं म्हणाला होतात, आज असं म्हणता, का? आवाज चढवायची गरजच पडायची नाही. त्यासाठी आठवडाभर अभ्यास करावा लागायचा. जून २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या कार्यालयात, रविवारच्या भागाची तयारी करत असतानाच ते गेले. मराठीत मला असा तयारी करून आलेला प्रश्नकर्ता हवाय. निसर्गदृश्यं मी आंतरजालावर बघेन.

---

नीलपंख | रविवार, दुपारी २:०५

भटकभवानी, रसर्टबद्दल अगदी सहमत. पण त्या राजकीय कार्यक्रमांची दुसरी बाजूही बघू या. फेब्रुवारी १९९८ च्या पहिल्या रविवारी अध्यक्ष क्लिंटन यांच्याबरोबरच्या प्रकरणामुळे गाजलेल्या मोनिका लेविन्स्कीचे वकील विल्यम गिन्सबर्ग एकाच सकाळी पाचही मोठ्या कार्यक्रमांत हजर झाले. तेव्हापासून असा पराक्रम करणाऱ्यांसाठी त्यांचंच नाव वापरतात. सप्टेंबर २०१२ मध्ये लिबियात बेनगाझीच्या अमेरिकी कचेरीवरील हल्ल्यानंतर अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रांतल्या तेव्हाच्या राजदूत सुझन राइस अशाच पाच कार्यक्रमांत एका सकाळी गेल्या, तेच मुद्दे घेऊन, आणि नंतर ते प्रकरण त्यांना परराष्ट्रमंत्रिपदाच्या शर्यतीतून बाहेर घेऊन गेलं. पक्षाचा माणूस ठरलेली वाक्यं घेऊन येतो आणि पाच ठिकाणी सोडून जातो. बघणाऱ्याला नवीन काय मिळतं? प्रश्नकर्ता रसर्टच्या तोडीचा नसेल तर ती जागा सत्तेच्याच उपयोगाची होते.

मी लंडनमध्ये असतो. इथे बीबीसीवर रविवारी सकाळी आधी डेव्हिड फ्रॉस्ट होते, १९९३ ते २००५, मग अँड्र्यू मार २०२१ पर्यंत, आणि सप्टेंबर २०२२ पासून लॉरा कुएन्सबर्ग. मला या परंपरेतला एक भाग फार आवडतो: दोन-तीन पाहुणे बसून त्या दिवशीचे पेपर चाळतात. एक डावीकडचा, एक उजवीकडचा, एखादा नाटकवाला किंवा शास्त्रज्ञ. एकाच बातमीचे तीन मथळे शेजारी ठेवले की वाचकाला आपोआप कळतं, कोण काय लपवतंय. हे करायला खर्च किती? चार पेपर आणि चहा. गिरणगाव, तुमच्या हिशेबातही हे बसेल ना? मुंबई-पुणे-नागपूर-कोल्हापूर-संभाजीनगरचे रविवारचे अंक समोर ठेवून, त्या त्या भागातला एकेक जाणता माणूस घेऊन. विदर्भात पहिल्या पानावर जे असतं ते मुंबईच्या अंकात सातव्या पानावरही नसतं, हे एकदा मराठी प्रेक्षकाला पडद्यावर दिसायला हवं.

---

ओवी_जर्सी | रविवार, दुपारी ३:२०

तुतारी, ते चित्र शोधून पाहिलं. राइखेच्या हातातला कागद खरंच वाचता येतो. मनापासून आभार.

भटकभवानी, मुलाखती प्रसिद्धीच्या वेळापत्रकानं येतात हा मुद्दा बरोबर आहे, आणि तो मलाही खटकतो. पण 'गोड' म्हणून कार्यक्रम बाजूला सारू नका. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये स्टीव्ह हार्टमननं एक गोष्ट केली. एरवी हा माणूस सज्जनपणाच्या छोट्या छोट्या गोष्टी सांगण्यासाठी ओळखला जातो. कुराल्टची 'ऑन द रोड' ही परंपरा तोच चालवतो. त्यानं छायाचित्रकार लू बॉप यांना बरोबर घेऊन शाळेतल्या गोळीबारांत मारल्या गेलेल्या मुलांच्या घरी जाऊन त्यांच्या खोल्या दाखवल्या. त्या सकाळी मूल जसं सोडून गेलं तशाच आईवडिलांनी ठेवलेल्या खोल्या. बंदुकीच्या कायद्यावर वाद नाही, कुणी तज्ज्ञ नाही, आकडेवारी नाही. मी मुलीला शाळेत सोडते रोज. तो भाग बघितल्यावर मला कितीतरी वेळ उठता आलं नाही. चर्चेच्या तासांनी जे माझ्यात हललं नव्हतं ते त्यानं हललं. ही बातमीच आहे, आणि फार कठोर बातमी आहे. रोजच्या बुलेटिनमध्ये तिला जागा मिळाली असती तर दीड मिनिटाची.

दुसरं उदाहरण जुनं. २० एप्रिल १९८६, रविवार. पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ १९२५ मध्ये सोव्हिएत रशिया सोडून गेले होते, ते एकसष्ट वर्षांनी मॉस्कोत परतले, आणि तिथल्या कॉन्झर्व्हेटरीच्या सभागृहातली त्यांची मैफल 'संडे मॉर्निंग'नं उपग्रहावरून थेट दाखवली. निवेदन कुराल्टचं. रेगन आणि गोर्बाचेव्ह यांची जिनिव्हातली पहिली भेट होऊन पाच महिने झाले होते. ८२ वर्षांचा माणूस स्कार्लाटीपासून सुरुवात करतो, पुढे शुमानचा तो साधा, लहान मुलांचा तुकडा वाजवतो, आणि श्रोत्यांत बसलेल्या एका माणसाच्या गालावरून अश्रू ओघळतो, कॅमेरा तिथे थांबलेला. राजकारण त्या सभागृहात पुरेपूर होतं. ते सांगायला एकाही प्रवक्त्याची गरज पडली नाही.

मला 'हे किंवा ते' असं म्हणायचं नाही. रसर्टसारखा प्रश्नकर्ता हवा, नक्की हवा. पण 'संडे मॉर्निंग' ज्या वाहिनीवर संपतो तिथेच 'फेस द नेशन' असतो. दोन्ही एका सकाळी राहू शकतात, एका वृत्तविभागातून निघू शकतात. आपल्याकडे दोन्ही नाहीत, माझं दुःख ते आहे.

---

कोरेगावकर | रविवार, रात्री ९:४०

एवढा वेळ वाचत होतो. आपल्याकडे रविवारी सकाळी काहीच झालं नाही, असं लिहिलं जातंय, ते मला मान्य नाही.

६ मे २०१२, रविवार, सकाळी अकरा. 'सत्यमेव जयते'चा पहिला भाग लागला, स्त्रीभ्रूणहत्येवर. स्टार प्लस आणि दूरदर्शन, दोन्हीवर एकाच वेळी. आमच्या गावात केबल सगळ्यांकडे नव्हतं, पण दूरदर्शन होतं, त्यामुळे तो भाग वाड्यावस्त्यांवर पोचला. रात्री नऊची वेळ न घेता रविवार अकराची घेतली, हा निर्णयच मोठा होता. त्या वेळी घरात बाप, आई, सासू, सून, पोरं सगळी एका खोलीत असतात. विषय असे होते की एकट्यानं बघून विसरता आले असते: मुलीचा गर्भ पाडणं, लहान मुलांवरचे अत्याचार, हुंडा. ते सगळ्यांना एकत्र बघावे लागले. आमच्याकडे त्या पहिल्या रविवारी टीव्ही बंद झाल्यावर कुणी बोलेना, आणि मग आजी बोलायला लागली. तिनं जे सांगितलं ते तिनं आयुष्यात कुणाला सांगितलेलं नव्हतं. ते इथे लिहीत नाही.

आमिर खान चेहरा होता, पण मागची फळी बघा. दिग्दर्शक सत्यजित भटकळ, आपले मुंबईचे. अभ्यास करणारी मोठी टीम. पहिल्या मोसमाचे तेरा भाग, त्यातला एक पाण्यावर. पुढे याच मंडळींनी २०१६ मध्ये पानी फाउंडेशन काढलं आणि 'सत्यमेव जयते वॉटर कप' सुरू केला. पहिल्या वर्षी तीन तालुके: अमरावतीतला वरुड, बीडमधला अंबाजोगाई, आणि आमचा साताऱ्यातला कोरेगाव. पंचेचाळीस दिवसांत गावानं श्रमदानानं पाणलोटाची कामं करायची. पहिला नंबर आला आमच्याच तालुक्यातल्या वेळूचा. बक्षीस पन्नास लाखांचं.

मी तेव्हा चर खोदायला गेलेलो आहे. सलग समतल चर कसा आखायचा, उतार मोजायचा हायड्रोमार्कर कसा धरायचा, माथ्यावरून पायथ्याकडे काम का यायचं, हे गावातल्या पोरापोरींना प्रशिक्षणात शिकवलं होतं. दहावी नापास पोरगा उतार मोजायला लागला. दोन तट पडलेल्या गावात दोन्ही तटांची माणसं एका डोंगरावर आली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पुढच्या वर्षी तीस तालुके झाले, मग पंचाहत्तर. १ मे २०१८ ला शहरातली माणसं बसगाड्या भरून श्रमदानाला आली होती. सगळीकडे सारखं टिकलं असं मी म्हणणार नाही. काही गावांत चर गाळानं भरले आणि पुन्हा कुणी काढले नाहीत, आणि काही ठिकाणी पाणी वाढल्याबरोबर ऊस वाढला. ती बातमी कुणीतरी दहा मिनिटांची करायला हवी. पण रविवार सकाळच्या टीव्हीपासून सुरू झालेली गोष्ट माणदेशाच्या शेजारच्या डोंगरापर्यंत पोचू शकते, एवढं आमच्या तालुक्यानं पाहिलंय.

---

गिरणगाव | रविवार, रात्री १०:२५

कोरेगावकर, तुमचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. तुमचं शेवटचं वाक्य आमच्या जुन्या डेस्कवर लावायला हवं होतं.

फक्त एक. 'सत्यमेव जयते' तीन मोसमांत संपला: २०१२ चा एक, २०१४ चे दोन. तो घटनेसारखा आला. मोठा तारा, मोठा प्रायोजक, वर्षभराचं संशोधन. ओवी ज्या कार्यक्रमाबद्दल लिहितायत त्याचं बळ नेमकं याच्या उलट आहे. तो दर रविवारी येतो. कुणी थोर पाहुणा असो नसो. मला त्याच्या जवळची आपली गोष्ट कुठली वाटते तर दूरदर्शनवरची 'सुरभि'. सिद्धार्थ काक आणि आपली रेणुका शहाणे. कुठल्यातरी कोपऱ्यातला कारागीर, जुनी बारव, विस्मृतीत गेलेलं वाद्य, आणि शेवटी प्रेक्षकांच्या प्रश्नोत्तरांची पत्रं, ती पोत्यांनी यायची. ती २००१ पर्यंत चालली. म्हणजे असा प्रेक्षक होता आणि तो हाती पेन घेऊन पत्र लिहीत होता. आमच्या बैठकांत नेहमी सांगितलं जायचं की 'लोकांना हे नको असतं'. लोकांना विचारलं होतं कुणी?

नीलपंख, पेपर चाळायची कल्पना बसते हिशेबात, सहज बसते. आणि जिल्ह्याजिल्ह्यांचे अंक ठेवायचे, हे तर उत्तमच. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं तेव्हा ती गाडी पोचली त्या दिवशी सगळ्यांचे कॅमेरे तिथे होते. त्याआधी कितीतरी महिने लातूरच्या स्थानिक पानांवर नळाला पाणी येण्याचे दिवस लांबत गेल्याच्या बातम्या येत होत्या. कुणी दर रविवारी ती पानं पडद्यावर धरली असती, तर मुंबईला आधी कळलं असतं.

---

सदाफुली | सोमवार, सकाळी ८:१५

किती सुंदर चर्चा! शेवटच्या निसर्गदृश्यांबद्दल कुणी फार लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. मराठी कार्यक्रम निघालाच तर वर्षभराची दृश्यं मी आत्ताच सांगू शकते. जानेवारीत भिगवणचे रोहित. मेच्या शेवटी भंडारदऱ्याचे काजवे (तिथे गाड्यांचे दिवे लावून जाणाऱ्यांचं चित्रण नको). सप्टेंबरात कास, पण गर्दी यायच्या आधीची पहाट. नांदूर मध्यमेश्वरची बदकं. ताडोबाचा वाघ सगळेच दाखवतात, त्याऐवजी मोहाची फुलं वेचली जायच्या आधीचं रान दाखवा. गिरणगाव, तुमचे ते सोलापूरचे कॅमेरामन अजून काम करतात का?

आणि ओवी, भारतातून हा कार्यक्रम बघायचा कसा? सासूबाईंनाही दाखवायचाय. त्या रविवारची पुरवणी शनिवारपर्यंत पुरवून वाचतात.

---

गिरणगाव | सोमवार, सकाळी ९:०५

करतो, सदाफुली. हल्ली लग्नांचं चित्रण करतो. पक्ष्यांचं फुटेज त्याच्याकडे हार्डडिस्कवर पडून आहे, तासन् तास. काल रात्री त्याला फोन केला. माळढोकचं, तणमोराचं, लांडग्यांचंही आहे म्हणाला. मी त्याला म्हटलं, एक-एक मिनिटाचे सलग तुकडे काढ, वर काही लिहू नकोस, संगीत घालू नकोस. रविवारी सकाळी यूट्यूबवर टाकायला लागू. बघू किती जमतं. नीलपंख, तुम्ही पेपर चाळायचं बोललात, त्यासाठी नागपूर आणि कोल्हापूरकडची दोन माणसं माझ्या ओळखीची आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

ओवी_जर्सी | सोमवार, संध्याकाळी ७:३०

गिरणगाव, तुकडे टाकाल तेव्हा दुवा इथेच द्या. मी इथल्या मराठी मंडळाच्या गटावर पाठवते.

सदाफुली, सीबीएस 'संडे मॉर्निंग'च्या यूट्यूब वाहिनीवर प्रत्येक गोष्ट सुटी टाकतात, शेवटची निसर्गदृश्यंही. इथे प्रक्षेपण सुरू होतं तेव्हा तुमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात, त्यामुळे रविवारी रात्री जेवणानंतर शोधलंत तर बरंचसं मिळेल. सासूबाईंना इंग्रजी ऐकायचा कंटाळा येत असेल तर हार्टमनपासून सुरुवात करू नका, तिथे बोलणं समजावं लागतं. त्याच कार्यक्रमातल्या वार्ताहर मार्था टायश्नरची चित्रकलेवरची एखादी गोष्ट लावा, किंवा होरोविट्झची मैफल. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आसपास त्यांचा खाद्यविशेष असतो, तो तर नक्की दाखवा. खाद्यविशेषातली माणसं बहुतेक हातानं काहीतरी करत असतात, त्यामुळे भाषा फार आड येत नाही.